दगडात अडकलेले इंधन

श्रोतेहो, मालवणच्या समुद्राकडे पाहिले की आपल्याला मासळी आठवते, मीठ आठवते. शास्त्रज्ञाला मात्र त्या पाण्यात इंधन दिसते. पाण्यातल्या हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंत एक अणू जड असतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात. त्याचा आणखी जड भाऊ म्हणजे ट्रिटियम. हे दोघे एकजीव झाले की प्रचंड शक्ती सुटते.

१९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर परिषद भरली. अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. ही शक्ती काबूत आणण्याची रीत वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली.

ती वीस वर्षे सरली, त्यावर अर्धशतक उलटले. पण त्या शक्तीवर अजून एकाही गावात दिवा लागलेला नाही. असे का व्हावे? कोट्यवधी अंश तापलेला वायू कोंडून धरणे कठीण, हे एक कारण. दुसरे कारण ट्रिटियम. ते समुद्रातून काढण्याइतके मिळत नाही, आणि साठवावे तर सव्वाबारा वर्षांत निम्मे उरते. तेव्हा ते भट्टीतच पिकवायला हवे. लिथियमवर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम तयार होते. त्यासाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लिथियम-टायटॅनेटचे, मोहरीएवढे, चिनीमातीसारखे भाजलेले खडे तयार करण्यात आले.

पण पीक आले म्हणजे ते घरात आले असे नव्हे! ट्रिटियम जन्मते ते खड्याच्या कणाच्या पोटात. तुमच्या जांभ्याच्या विहिरीत भोकाभोकांतून पाणी पाझरते. काळ्या पाषाणातून तसे पाझरत नाही. इथेही तसेच. कण बारीक हवा, भोके मोकळी हवीत. खडा थंड राहिला तर वायू आत अडकतो. फार तापला तर कण एकमेकांना चिकटून वाटा बुजतात. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने खड्याची घडण बिघडते आणि वायू तिथेच गुंततो. म्हणून किंचित हायड्रोजन मिसळलेला हेलियम खड्यांमधून खेळवतात. तो सुटलेले ट्रिटियम वाहून आणतो.

२००५ साली भारत फ्रान्समधील ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सामील झाला. तिथेही हाच हिशेब करून पाहायचा आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना तो जरूर सांगा: जेवढे ट्रिटियम जळेल, त्याहून थोडे अधिक खड्यांतून हाती आले पाहिजे. ते दगडातच राहिले, तर समुद्रभर ड्यूटेरियम असूनही चूल विझेल.