निळ्या दिव्यापाशी अडलेली माळ

नाताळच्या झाडावर पूर्वी मेणबत्त्या लावत, त्यामुळे आगीची धास्ती असे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातल्या फिरत्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले: तांबडे, पांढरे आणि निळे. ज्योत गेली, उष्णता मात्र राहिली. तापलेल्या तारेच्या दिव्यात बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाते. शिवाय रंगीत काच इतर रंग शोषते. म्हणजे निळ्या दिव्यात आपण आधी सगळे रंग निर्माण करतो आणि मग त्यांतले बहुतेक अडवतो! (वर्गात टॉर्चपुढे निळा जिलेटीन कागद धरून पाहावा.)

एलईडीमध्ये अर्धवाहक स्वतःच ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. तांबडा एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. मग माळा इतक्या उशिरा का बदलल्या? गाडे अडले निळ्यापाशी. तेजस्वी निळा एलईडी जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली आणला. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिल्यावर पांढराही मिळाला. जॉन्सन यांचे तिन्ही रंग एलईडीत जमायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

२००७ साली न्यूयॉर्कमध्येच, रॉकफेलर सेंटरच्या झाडावर सुमारे ३०,००० एलईडी लागले. रोजचा वीजवापर ३,५१० युनिटवरून १,२९७ युनिटवर आला.