दुधाआधीचा मसाला चहा

कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात पाहुणा आला की आजही काही घरांतून विचारणा होते, ‘दुधाचा की कोरा?’ कोरा म्हटलं की आधणात ठेचलेलं आलं, गवती चहाची पात, सर्दी असेल तर दोन मिरी पडतात. दूध परवडत नसे तेव्हाची ही तडजोड, असा अनेकांचा समज आहे. पण पश्चिम किनाऱ्यावर चहाची मसाल्याशी गाठ पडली ती आसामात चहाचा मळा लागण्याच्या कितीतरी आधी.

1638 मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथे चहा नित्याचा असल्याचं लिहिलं. चहा अर्थातच चीनचा, जहाजांतून आलेला. 1689 मध्ये इंग्रज पाद्री जॉन ओविंग्टन सुरतेत होता. त्याचं वर्णन नेमकं आहे: तिथले बनिया चहात खडीसाखर किंवा मुरवलेली लहान लिंबं घालत आणि तिखट मसाले टाकून उकळलेला चहा डोकेदुखी, मुतखडा, पोटातली मुरड यांवर गुणकारी मानला जाई. दुधाचं नाव या वर्णनात नाही.

म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांनी चहा काढ्याच्या रांगेत बसवला.

सुरतेतल्या या नोंदींचाच काळ कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचाही. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि खाडीकाठी आरमाराची जहाजं बांधायला घेतली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. मोहन्यावरून वाहत येणारी उल्हास नदी दुर्गाडीपाशीच खाडीला मिळते.

चहाचा राजवाड्याशी संबंध मात्र जुळला तो विलायतेत, आणि त्यातही मुंबई आहे. 1661 च्या करारात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळालं. 1662 मध्ये ती राणी झाली आणि तिच्या आवडीमुळे इंग्रज दरबारात चहाला प्रतिष्ठा आली.

दुधाळ मसाला चहा घराघरांत पोचला तो फार उशिरा. 1839 मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात उभा राहिला. 1903 मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि पुढे त्या पैशातून देशातच चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, गिरण्यांत, कारखान्यांत कपबशा फिरू लागल्या. प्रचारकांना पत्ती भरपूर हवी होती, मसाला नको होता. टपरीवाल्यांनी उलट केलं: पत्ती कमी, दूध-साखर जास्त, वर आलं-वेलची. 1930 च्या सुमारास आसामात निघालेल्या, पत्ती चुरडून, फाडून, वळवणाऱ्या सीटीसी यंत्राची दाणेदार, कडक आणि स्वस्त पूड पुढे बाजारात आली, तेव्हा हा चहा कामगार वस्त्यांना परवडू लागला. मोहन्याच्या एनआरसी या रेयॉन कारखान्याभोवतीची वस्तीही त्याच्या पाळ्यांच्या काळात वाढली.

म्हणूनच कोऱ्या चहाकडे दुधाविना राहिलेला चहा म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. त्याची कृती ओविंग्टनच्या नोंदीला अधिक जवळची आहे, आणि दुर्गाडीचा इतिहास सांगताना तोफा-गलबतांबरोबर या किनाऱ्याने काय उकळून प्यायलं, तेही सांगायला हवं.