बंद, माप आणि नंबर : मराठवाड्यातील पुरुषांच्या शर्टाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजांपैकी वस्त्राचा इतिहास बहुधा कापडाच्या अंगाने लिहिला गेला आहे. कापसाचा व्यापार, गिरण्यांचा उदय, स्वदेशी आणि खादीची चळवळ या विषयांवर विपुल लेखन झाले. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मात्र शिवलेले वस्त्र अंगावर नीट कसे बसते, या प्रश्नाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु मुलाखतीला निघालेला पदवीधर तरुण दुकानात तीन शर्ट घालून पाहतो आणि कॉलर बसते तर बाही आखूड पडते, तेव्हा त्याला आपल्याच शरीरात काही उणे आहे असे वाटते. ही भावना इतिहासाने घडविलेली आहे. शरीर आणि वस्त्र यांत अंतर पडल्यास जुळवून कोणी घ्यायचे, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा मुरुम व उमरगा परिसर ज्या प्रदेशात मोडतो, त्या मराठवाड्याच्या संदर्भात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) पुरुषांच्या शिवलेल्या अंगवस्त्रातील स्थित्यंतरांचे टप्पे निश्चित करणे.
२) मापे घेण्याच्या पद्धतीचा सामाजिक अर्थ तपासणे.
३) शिंप्याच्या मापवहीचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य स्पष्ट करणे.

यासाठी प्रकाशित साधने आणि शिवणकामातील रूढ व्यवहार यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. बंदांचे वस्त्र :

अंगरखा, बाराबंदी आणि बंडी ही महाराष्ट्रातील पुरुषांची जुनी शिवलेली वस्त्रे होत. त्यांत कापड शक्यतो सरळ पट्ट्यांत कापले जाई. घेरासाठी कळ्या आणि हात मोकळा हलावा म्हणून बगलेत चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, जोडला जाई. बाराबंदीला नावाप्रमाणे बारा बंद असत. बटण छातीचा घेर कायमचा ठरवून टाकते. बंदाचे तसे नाही. अंग भरले तर गाठ सैल बांधावी, उतरले तर आवळावी. थोरल्याचे वस्त्र धाकट्याला चालत असे. जुळवून घेण्याचे काम येथे वस्त्राकडे होते.

‘सुखी माणसाचा सदरा’ ही मराठीत रूढ झालेली कथा या दृष्टीने बोलकी आहे. राजाला सुखी माणसाचा सदरा हवा असतो आणि तो माणूस सापडतो तेव्हा त्याच्याजवळ सदराच नसतो. तो सदरा राजाच्या अंगाला बसेल का, अशी शंका कथेत कोणालाच येत नाही. सदरा कोणाचाही कोणालाही होतो हे त्या कथेने गृहीतच धरले आहे.

अर्थात, शिवलेले वस्त्र सर्वांच्या वाट्याला येत होते असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याबरोबर त्याच्या अपुऱ्या वस्त्रांचेही वर्णन आले आहे. गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होत असे. या व्यवसायाचा मराठी संस्कृतीशी असलेला संबंध संत नामदेवांमुळे सर्वपरिचित आहे. त्यांचे मूळ गाव म्हणून मानले जाणारे नरसी हे मराठवाड्यातीलच होय.

२. मापाचे वस्त्र :

इंग्रजी अमलात कॉलर, कफ आणि बटणपट्टी असलेला शर्ट आपल्याकडे रूढ होऊ लागला. अमेरिकेत १८४६ मध्ये एलियस हाऊ यांना आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे यंत्र भारतात पोहोचले होते. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्राचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे देशी यंत्रे लहान गावांपर्यंत गेली.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे दरबारी व शासकीय प्रतिष्ठेचा पोशाख शेरवानी हा होता, तर राष्ट्रीय चळवळीचे वस्त्र खादी हे होते. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. शेरवानी आणि खादीचा सदरा यांत दोन राजकीय निष्ठा व्यक्त होत होत्या. वस्त्र हे सामाजिक दर्जाचेही चिन्ह होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दलित स्त्रियांना हीनत्वदर्शक पोशाख टाकून देण्याचे आवाहन केले, ते याच जाणिवेतून. पुरुषांच्या बाबतीत शिक्षण आणि नोकरी यांबरोबर आलेला इस्त्रीचा शर्ट हे समतेचे दृश्य रूप ठरले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांचा विस्तार होत गेला, तसा हा शर्ट खेड्यापर्यंत पोहोचला.

शर्टामुळे शिंप्याचे काम अधिक काटेकोर झाले. उंची, छाती, पोट, तिरा, बाही, मनगट आणि गळा अशी मापे तो घेतो. छातीच्या मापावरून मुंढ्याची खोली काढतो आणि श्वास घेता यावा, हात वर करता यावा म्हणून काही इंच सैलपणा ठेवतो. परंतु खरे कौशल्य टेपवर दिसत नाही. वर्षानुवर्षे ओझे वाहिल्याने एक खांदा उतरलेला असतो, पाठीला किंचित बाक आलेला असतो. चांगला शिंपी हे न बोलता पाहतो आणि कापताना खडूच्या रेषेत भरून काढतो. गिऱ्हाइकाला आपला खांदा उतरला आहे हे कळतही नाही. शर्ट नीट बसला एवढेच कळते. जुळवून घेण्याची जबाबदारी या टप्प्यात शिंप्याने उचलली होती.

१९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी अंगाचे माप इंचातच राहिले. कापड मीटरने घ्यायचे आणि छाती इंचात मोजायची, ही रीत आजही चालू आहे.

३. नंबरचे वस्त्र :

तयार कपड्यांच्या ठरावीक मापांना अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) सैनिकी गणवेशांमुळे मोठी चालना मिळाली, असे मानले जाते. भारतात ‘पार्क अव्हेन्यू’ (१९८६), ‘लुई फिलिप’ (१९८९), ‘अ‍ॅरो’ (१९९३) व ‘पीटर इंग्लंड’ (१९९७) या नाममुद्रा बाजारात आल्या. तोपर्यंत तयार कपड्यांचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव होते. २००० च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणाने हे आरक्षण उठविले आणि मोठ्या भांडवलाला वाट मोकळी झाली. मराठवाड्याला लागून असलेल्या सोलापुरात गिरण्यांच्या पडझडीनंतर गणवेश व तयार कपड्यांच्या व्यवसायाने बाळसे धरले, ही या बदलाची दुसरी, रोजगाराची बाजू होय.

औपचारिक शर्टावरील ३९, ४०, ४२ हे आकडे मूलतः गळ्याचे सेंटिमीटरमधील माप दर्शवितात. छाती, खांदा आणि बाही यांची मापे त्या प्रमाणात गृहीत धरलेली असतात. म्हणजे एका गळ्यावरून सर्व शरीराचे अनुमान केले जाते. ज्याचा गळा बारीक आणि हात लांब, किंवा श्रमाने खांदे रुंद झालेले पण पोट खपाटीला गेलेले, तो या अनुमानात बसत नाही. येथे जुळवून घेण्याचे ओझे प्रथमच शरीरावर आले.

भारतीय शरीराची स्वतंत्र मापे हवीत, हे आता शासनानेही मान्य केले आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने ‘इंडियासाईझ’ हे सर्वेक्षण हाती घेतले. १५ ते ६५ वयोगटातील २५,००० हून अधिक व्यक्तींची त्रिमितीय मापे घेण्याची ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी निवडलेली सहाही शहरे राजधानीची आहेत. कोरडवाहू शेतीत राबलेले शरीर या सरासरीत कितपत उतरेल, हा प्रश्न उरतोच.

४. मापवही : एक दुर्लक्षित साधन :

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे एक साधन आपल्या गावातच आहे. शिंपी गिऱ्हाइकाची मापे वहीत लिहून ठेवतो आणि कापडाचा तुकडा नमुन्यादाखल पावतीला टाचतो. एकाच घरातील आजोबा, वडील आणि नातू यांची मापे अशा वह्यांतून सापडू शकतात. आर्थिक इतिहासात उंची व शरीरमाने ही पोषणाचा पुरावा मानली जातात. त्यासाठी सैनिक व कैदी यांच्या नोंदी वापरल्या जातात. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या मुलांची तरुणपणीची छाती किती भरली, पॉलिएस्टरमिश्रित कापड गावात केव्हा आले, बेलबॉटमच्या काळात कॉलर किती लांबली, लग्नसराईत किती जोड शिवले गेले, या प्रश्नांवर मापवही प्रकाश टाकू शकेल. मात्र दुकान बंद झाले की वही रद्दीत जाते. आपल्या वहीला कोणी इतिहासाचे साधन म्हणेल, असे त्या कारागिरालाही वाटत नाही.

निष्कर्ष :

१) पुरुषांच्या अंगवस्त्राचा प्रवास बंद, माप आणि नंबर अशा तीन टप्प्यांतून झाला. जुळवून घेण्याची जबाबदारी अनुक्रमे वस्त्राकडून शिंप्याकडे आणि शिंप्याकडून शरीराकडे गेली.

२) तयार शर्टामुळे वेळ वाचला आणि निवड वाढली, तसेच नीटनेटका वेश अनेकांच्या आवाक्यात आला. हे मान्य करूनही व्यक्तिगत मापाचे ज्ञान लोप पावत आहे, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

३) मुरुमसारख्या गावांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे जुन्या मापवह्या मिळवाव्यात, व्यक्तींची नावे वगळून त्यांतील नोंदींच्या प्रती कराव्यात आणि वयोवृद्ध कारागिरांच्या मौखिक मुलाखती जतन कराव्यात.

शर्ट बसत नाही तेव्हा दोष अंगाचा नसतो. ते अंग कोणी मोजलेलेच नसते. ज्यांनी ते मोजले, त्यांच्या वह्या अजून काही दुकानांत शिल्लक असतील. त्या मिळविण्यास विलंब करून चालणार नाही.