डॉ. भाऊ दाजी : वैद्यकी आणि विद्याव्यासंग

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आज प्रामुख्याने मुंबईतील वस्तुसंग्रहालयामुळे लोकांच्या ओठी आहे. १८७२ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता, आणि १९७५ साली त्यास त्यांचे नाव देण्यात आले, हे उचितच झाले. तथापि ज्या लेखनामुळे भाऊ प्राच्यविद्येच्या इतिहासात स्थान पावले, त्याकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेले आहे असे म्हणवत नाही.

गोमंतकातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ बालपणीच मुंबईस आले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच अध्यापन करू लागले. काठेवाड-कच्छमधील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधास पारितोषिक लाभले. १८४५ साली ग्रँट वैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा ते त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होते. १८५१ साली तेथून उत्तीर्ण होऊन त्यांनी व्यवसाय आरंभिला. बंधू नारायण दाजी यांच्यासह धर्मार्थ दवाखानाही चालविला. पुढील वर्षी स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. विष्णुदास भाव्यांच्या नाटकमंडळीस त्यांनी आश्रय दिला. १८६२ च्या गाजलेल्या महाराज अब्रुनुकसानीच्या खटल्यात, बड्या धर्माचार्यांचा रोष पत्करून, त्यांनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे नगरपाल झाले.

इतक्या ठिकाणी विखुरलेल्या मनुष्याच्या हातून गंभीर संशोधन होणे शक्य आहे काय, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दोन उदाहरणांवरून शोधता येईल.

पहिले उदाहरण कालिदासाचे. राजतरंगिणीत उज्जयिनीच्या विक्रमादित्याने मातृगुप्त नामक कवीस काश्मीरचे राज्य दिल्याची कथा आहे. हा मातृगुप्त म्हणजेच कालिदास, असे मत भाऊंनी मांडले. काली ही माता, म्हणून दोन्ही नावे समानार्थी, हा त्यातील एक आधार होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा आधार दुबळा आहे. ‘दास’ म्हणजे सेवक, ‘गुप्त’ म्हणजे रक्षिलेला; शिवाय विशेषनामांच्या अर्थसाम्यावरून व्यक्तींचे ऐक्य सिद्ध होत नाही. क्षेमेंद्राने दोघांचे श्लोक निरनिराळ्या नावांनी उद्धृत केले आहेत. पुढे इ. स. ४७३ चा मंदसोर येथील वत्सभट्टीचा शिलालेख उजेडात आला. त्यात कालिदासाच्या काव्याची छाया अनेक विद्वानांस दिसली, आणि कवीला सहाव्या शतकात ओढणारे भाऊंचे मत मागे पडले.

दुसरे उदाहरण आर्यभटाचे. त्या काळी एकाच नावाच्या दोन ज्योतिषकारांचा घोटाळा होऊन आर्यभटाच्या काळाविषयी भलतीच अनुमाने प्रचलित होती. भाऊंनी आर्यभटीयाची हस्तलिखिते मिळवून ती स्वतः वाचली. कलियुगाची ३,६०० वर्षे लोटली तेव्हा आपले वय तेवीस होते, हे ग्रंथकाराचे वचन त्यांनी पुढे ठेवले. त्यावरून जन्मवर्ष इ. स. ४७६ ठरते. हा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यातील निर्णय आजही मान्य आहे.

दोहोंतील भेद स्पष्ट आहे. जेथे भाऊ मूळ साधनाशी थांबले, तेथे ते टिकले. जेथे नावांच्या साम्याने मोहित झाले, तेथे घसरले. रोग्यास प्रत्यक्ष पाहिल्यावाचून निदान न करण्याची वैद्याची सवय हेच त्यांच्या विद्वत्तेचे बळ होते. जुनागढच्या खडकावरील रुद्रदामन् व स्कंदगुप्त यांच्या लेखांचे त्यांनी केलेले वाचन आणि अजिंठ्यातील लेखांवरील त्यांचे निबंध याच जातीचे आहेत.

येथे एक ऋण नमूद केले पाहिजे. व्यवसायात गुंतलेल्या भाऊंना दूरदूरच्या लेखांचे ठसे व नकला आणून देणारे पंडित भगवानलाल इंद्रजी होते. प्रवासाचा खर्च भाऊंचा, परंतु उन्हातान्हातले श्रम व तीक्ष्ण दृष्टी पंडितांची. भाऊंच्या निबंधांचे श्रेय एकट्या भाऊंना देणे न्याय्य नव्हे. त्याचबरोबर, हाताशी आलेल्या तरुणाचे गुण ओळखून त्यास वर्षानुवर्षे पोसणे हेही विद्येचेच कार्य होय. प्राचीन अंकचिन्हांचा जो प्रश्न भाऊंनी हाती घेतला होता, तो भगवानलालांनी १८७७ साली पुष्कळ पुढे नेला.

महारोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग भाऊंनी चिकाटीने केले. परंतु पूर्ण खात्री होईपर्यंत उपचारपद्धती प्रकट करण्यास ते राजी नव्हते. पक्षाघाताने ते आजारी पडले, १८७४ साली निवर्तले, आणि ती पद्धती त्यांच्या हातून प्रसिद्ध झालीच नाही. कालिदासावरील चुकलेले मत त्यांनी छापले, म्हणून इतरांना ते तपासता व सुधारता आले. रोगोपचाराविषयी त्यांनी राखलेल्या मौनाला मात्र कोणी पुरावा जोडू शकले नाही, की दोष काढू शकले नाही. संशोधनाच्या वाटेवर प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने भाऊंच्या चरित्रातून हा एवढा बोध घेतला, तरी पुरेसे आहे.