अर्धं गाणं

मंडळी, गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी एक खेळ ठेवला होता. चिठ्ठी उचलायची आणि 'माझं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं आणि का' हे दोन मिनिटांत सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. खरं उत्तर दोन मिनिटांत बसणारं नव्हतं. म्हणून ते इथे लिहितोय. पेशाने मी कॉम्प्युटरवाला, इतिहासकार नव्हे, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

गाणं गीतरामायणातलं. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, ते. पण मला आवडतं ते अर्धंच! का, ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळजवळ बंदच झाली. परिणाम काय? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं बुधवारची रात्र तिच्या मालकीची झाली. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती काढून आकाशवाणीने माघार घेतली.

पण या बंदीचा एक फायदा झाला. सिनेमाची गाणी नाहीत, मग श्रोत्यांना द्यायचं काय? आकाशवाणीच्या केंद्रांना स्वतःची गाणी तयार करावी लागली. मराठीत भावगीत आधीपासून होतंच, त्याला आता सरकारी स्टुडिओ मिळाला. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. तिथले सीताकांत लाड हे ग. दि. माडगूळकरांचे मित्र. रेडिओसाठी काहीतरी सलग लिही, असा त्यांचा आग्रह. गदिमांनी विषय निवडला रामायण, आणि चाली द्यायला सुधीर फडके. दोघांचाही जन्म १९१९ चा, म्हणजे तेव्हा दोघे पस्तिशीचे. आज मी आहे साधारण त्याच वयाचे! (मी काय केलंय ते विचारू नका.)

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी पहिलं गाणं प्रसारित झालं. त्याची एक गंमत सांगतात. ऐन वेळी गाण्याचा कागद सापडेना. गदिमा म्हणतात मी दिला, बाबूजी म्हणतात माझ्याकडे नाही. शेवटी लाडांनी गदिमांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि गाणं पुन्हा लिहून घेतलं. डेडलाइनच्या गोष्टी आम्हा प्रोजेक्टवाल्यांना नवीन नाहीत, पण अशी डिलिव्हरी मी तरी पाहिलेली नाही.

मग दर आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून बावन्नऐवजी छप्पन गाणी झाली आणि १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा कितीतरी गायकांनी त्यात गायलं. रामाची गाणी स्वतः बाबूजींची. त्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, ज्यांच्याकडे रेडिओ नाही ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. माझी आजी त्या ओसरीवाल्यांपैकी. चिपळूणजवळच्या आमच्या गावात तेव्हा एकच रेडिओ होता.

आता इथून गोष्ट मस्कतकडे वळते.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. पण भारतातल्या साध्या घरात ती पोचली सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, आणि त्यात मोठा वाटा होता आखातातल्या नोकरदारांचा! इकडे १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले. त्याआधी मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद होत, आता रस्ते, शाळा, दवाखाने भराभर उभे राहू लागले आणि त्यासाठी माणसं हवी होती. मंगलोर, केरळ, कोकण इथून ती आली आणि सुट्टीवर परत जाताना काखेत जपानी टू-इन-वन घेऊन गेली. अत्तर, ब्लँकेट आणि टू-इन-वन, हे त्या काळचं 'गल्फ रिटर्न'चं प्रमाणपत्र. या टेपरेकॉर्डरमुळेच रेकॉर्ड प्लेअर न परवडणाऱ्या लाखो घरांत गाणं आलं. म्हणजे बघा, गीतरामायण गावागावात वाजवायला आखातातल्या घामाचाही थोडा हातभार आहे.

माझे बाबा १९८४ साली मस्कतला आले, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून. पहिल्या सुट्टीत टू-इन-वन घेऊन गेले आणि चिपळूणला मित्राकडच्या रेकॉर्ड्सवरून गीतरामायण कॅसेटवर उतरवून घेतलं. फोन तेव्हा घरी नव्हता. पत्राला पंधरा दिवस लागत. मग इतर कित्येक घरांसारखं आमच्याकडेही 'बोलकं पत्र' सुरू झालं. आई-आजी एका कॅसेटवर बोलायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर ती मस्कतला जायची, बाबा ऐकून त्याच कॅसेटवर उत्तर टेप करून परत पाठवायचे. एकच कॅसेट, वर्षानुवर्षं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक वेळी ओव्हरराइट, आणि बॅकअप नाही.

१९९० च्या पावसाळ्यात कुणीतरी दुसऱ्या दिवशी निघणार असं अचानक कळलं. पत्राची कॅसेट होती मस्कतला. घरात कोरी नव्हती. मशीनमध्ये गीतरामायण होतं, गाणं मध्येच थांबवलेलं. कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडली तर वर टेप होत नाही, पण ती कुणी मोडली नव्हती. आजीने दोन बटणं एकदम दाबली आणि बोलायला लागली.

तेव्हापासून आमच्या कॅसेटमध्ये राम भरताला सांगता सांगता अर्ध्यावर थांबतो, एक 'खट' असा आवाज होतो आणि आजी म्हणते, "ऐकतोस ना रे? पाऊस मायंदाळ लागलाय." मग कौलं, गाय, कुणाचं लग्न. शेवटी मी. तीन वर्षांचा. आजी म्हणते बाबांना हाक मार. मी मारत नाही. आजी पुन्हा सांगते. मी विचारतो, "बाबा या पेटीत आहेत?" आणि टेप संपते.

ती कॅसेट बाबांनी पुढच्या सुट्टीत जशीच्या तशी परत आणली. उत्तर टेप केलं नाही. का, तर म्हणाले, "गीतरामायणावर मी कसा बोलू?" पत्राची दुसरी कॅसेट पुढे मशीनमध्ये गुंडाळली गेली आणि फेकून दिली. १९९३ ला फोन आला आणि बोलकी पत्रं संपली.

मी पूर्ण गाणं पहिल्यांदा ऐकलं २००५ मध्ये, इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर. त्या ओळीनंतर गाणं पुढे गेलं आणि मी दचकलो. मी आजीची वाट बघत होतो.

त्या गाण्यात एक जुनी उपमा आहे, मूळ वाल्मीकी रामायणातली. समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि लाटेबरोबर पुन्हा दूर जातात, तसंच माणसांचं. ते कडवं आमच्या कॅसेटवर नव्हतंच. त्याच्या जागी आजीची पाऊसपाण्याची बातमी होती. आता वाटतं, अर्थ तोच होता.

बाबा २०१६ साली गेले. आजी त्याआधीच. २०१८ मध्ये मी मस्कतला आलो. मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत, घड्याळ दीड तास मागे. आता रोज व्हिडिओ कॉल होतो. गेल्या वर्षी ती कॅसेट आईकडून आणली आणि एका रात्री कॉम्प्युटरवर उतरवली. हिस कमी केला, आवाज थोडा उचलला. मग एक मोह झाला. पूर्ण गाणं तर आता कुठेही मिळतं. तुटलेला भाग जोडून, आजीचं बोलणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं तर? तांत्रिकदृष्ट्या दहा मिनिटांचं काम. नाही केलं. ती 'खट' काढायला माझा हात धजला नाही.

एक रुखरुख मात्र आहे. बाबांचा त्या वेळचा आवाज कुठेच नाही. सात-आठ वर्षं त्यांनी दर दोन महिन्यांनी याच मस्कतमध्ये, कुठल्याशा खोलीत बसून आमच्याशी गप्पा मारल्या आणि त्यावर आम्हीच बोलून टाकलं. आवाज जपून ठेवायचा असतो हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही, माणूस परत येणार होता ना!

मागच्या हिवाळ्यात लेकीला घेऊन सूरला गेलो होतो. (गावाचं नाव 'सूर', यावर आपण सगळ्यांनीच विनोद केलेला आहे!) तिथे 'फतह अल खैर' हे १९५१ साली बांधलेलं जुनं गलबत ठेवलंय. अशी गलबतं मलबार-मुंबईपर्यंत जात आणि शीड चढवताना खलाशी एका ठेक्यात गात. परतताना गाडीत मी ती फाइल लावली. लेक म्हणाली, "बाबा, गाणं तुटलं." मी म्हटलं, "थांब, आता तुझी पणजी बोलेल."

मुलांनो, तुमच्या त्या चिठ्ठीचं हे माझं उत्तर. आणि मोठ्यांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुन्या कॅसेटचा खोका निघाला तर फेकू नका. वर काही का लिहिलेलं असेना, एकदा शेवटपर्यंत वाजवून बघा.