हिंगोलीहून बंदरावर

"पप्पा, बेट आलं का?"

हिंगोलीहून निघाल्यापासून हा प्रश्न मी किमान तीस वेळा ऐकला. पहिल्यांदा तर वसमतसुद्धा आलं नव्हतं! चूक माझीच. आदल्या रात्री चिऊला (वय वर्षं चार) झोपवताना मी सांगून बसलो की उद्या आपण एका बेटावर जाणार आणि तिथल्या बंदरात बिल्डिंगएवढं जहाज येतं. तिच्या पुस्तकातलं बेट म्हणजे मधोमध नारळाचं झाड आणि चहूकडे पाणी. त्यामुळे परभणी, जालना, संभाजीनगर करत कल्याण आलं तरी बाईसाहेब खिडकीला नाक लावून नारळाचं झाड शोधत होत्या.

सोबत माझे वडील होते, म्हणजे चिऊचे आबा. सत्तरी ओलांडली, जन्म कापसाच्या शेतात गेला, समुद्र पाहिला नव्हता. जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत आली, तेव्हापासून "एकदा मुंबई दाखव" हे टुमणं होतंच. क्रूझवर जायचा बेत नव्हता हं. ह्या दोघांना घेऊन तीन दिवस जहाजावर... नको! नुसतं बंदर बघायचं, एवढंच ठरलं होतं.

ठाण्याच्या खाडीवरून गाडी गेली तेव्हा मी ओरडलो, "बघ बघ, पाणी! आता आपण बेटावर." चिऊनं पाहिलं आणि म्हणाली, "हे तर घाण पाणी आहे." विषय संपला.

तिचं तरी काय चुकलं? मुंबई बेट आहे हे मोठ्यांनाही आठवत नाही. सात बेटं होती, मधे भरतीचं पाणी शिरायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी वरळीजवळ हॉर्नबीनं बांध घातला, १८०३ मध्ये शीवचा रस्ता झाला, १८४५ मध्ये माहीमचा. मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला गेली. तिथून पुढे ह्या बेटाला आतल्या मुलखाचं तोंड लागलं.

सीएसएमटीवर उतरून आम्ही बॅलार्ड पिअरकडे निघालो. हे नाव कर्नल बॅलार्डचं. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला त्याच्या सुरुवातीच्या काळातला हा माणूस. अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) खणताना निघालेल्या मातीदगडाचा भराव घालून शेजारची बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. विलायतेची बोट इथंच लागायची आणि धक्क्यालगतच्या स्टेशनातून उतारू थेट मेलमध्ये बसायचे. गोलमेज परिषदेला जाताना गांधीजींनी २९ ऑगस्ट १९३१ ला राजपुताना बोट पकडली ती ह्याच धक्क्यावरून. आता इथं २०२५ मध्ये सुरू झालेलं नवं क्रूझ टर्मिनल आहे. पण आत जायला बोटीचं तिकीट लागतं. आम्ही तिघं बाहेर. चिऊला सू लागली होती, ते एक वेगळंच प्रकरण. असो.

तिला फुटपाथवर बिस्किटं देऊन बसवलं तेव्हा आबा त्या जुन्या दगडी इमारतींकडे बघत म्हणाले, "आपला कापूस इथंच येत व्हता की. माझे आजोबा म्हनायचे, मुंबईचा भाव काय निघंल तोच हिंगोलीचा."

मला आधी गंमत वाटली. परत आल्यावर एक वीकेंड वाचण्यात घालवला आणि ओशाळलो. हिंगोलीत वाढलो, दहावीपर्यंत इतिहास शिकलो, पण आपल्या गावाचा ह्या बंदराशी संबंध आहे हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

प्रकरण असं आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज होती. हिचंच नाव पुढे हैदराबाद कंटिंजंट. तिची एक मोठी छावणी हिंगोलीत होती, थेट १९०३ पर्यंत. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा! (आपल्याकडे ह्याला क्लायंट-साइट प्रोजेक्ट म्हणतात, फक्त इथं क्लायंटनंच बिल भरायचं आणि बोलायचं काही नाही.) पगार थकत गेला, मग कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून पैसे द्यायचं आणि निजामाच्या खात्यावर कर्ज मांडायचं. कर्ज चाळीस लाखांच्या वर गेल्यावर डलहौसीनं वसुली काढली. २१ मे १८५३ च्या तहात नासिरउद्दौलानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आमच्या हिंगोलीच्या वर पैनगंगा. तिच्या पलीकडचं वाशीम इंग्रजांकडे गेलं, अलीकडचे आम्ही निजामाकडेच राहिलो.

आता तारखा बघा. बोरीबंदरहून पहिली गाडी एप्रिल १८५३, वऱ्हाडचा तह मे १८५३. हा निव्वळ योगायोग आहे असं म्हणणारे म्हणोत. मला तसं वाटत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेशिवाय दुसरीकडचा कापूस हवा होता, आणि वऱ्हाडची काळी माती म्हणजे कापसाची खाण. त्याआधी हा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. मुंबईकडे तो पहिल्यांदा नेला विकाजी-पेस्तनजी ह्या पारशी पेढीनं, १८२५-२६ मध्ये, पाचशे बैलांवर लादून. हीच पेढी निजामाला कर्जं द्यायची आणि त्यातच बुडाली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईत पैशांचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि सगळं कोसळलं. आपल्या डॉटकॉमच्या फुग्याचा हा पणजोबा. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला होता. आमच्या भागात मात्र गाडी विसाव्या शतकात आली, तीही मीटरगेज. म्हणजे मनमाडला गाठी उतरवा, ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा चढवा! दोन सिस्टिमचा इंटरफेस जुळत नसला की मधल्या माणसाचे हाल ठरलेले. पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाली २००८ मध्ये. तोवर मी हिंगोली सोडून पुण्यात कोड पाडत होतो.

दुसऱ्या दिवशी गेटवेहून घारापुरीची लाँच पकडली. तिकिटाआधी मी लाइफ जॅकेट विचारलं. डिसेंबर २०२४ मध्ये ह्याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेनं लाँच बुडाली, ते डोक्यातून जात नव्हतं. जॅकेट मिळालं, पण मोठ्यांच्या मापाचं. चिऊ त्यात कासवासारखी दिसत होती. तासभर मी तिचा पट्टा हातात धरून बसलो. लहान मूल घेऊन जाणार असाल तर मापाचं जॅकेट घरूनच न्या, एवढं माझं ऐका.

लाँच आत गेल्यावर लांब धक्क्याला लागलेलं पांढरं जहाज दिसलं. खरंच बिल्डिंगएवढं. आबा उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "ह्याच्यात कापूस जातो का आता?"

"नाही आबा, माणसं जातात. फिरायला."

"फिरायला?" ते खाली बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

घारापुरीच्या जेट्टीवर उतरलो. समोर छोटी आगगाडी, मागं डोंगर, आणि चिऊनं माझा हात ओढला. तिला नारळाचं झाड दिसलं होतं.

"पप्पा, आता आलं बेट!"

लेण्यांच्या एकशेवीस पायऱ्या आबांना झेपणार नव्हत्या. ते खाली भाजलेलं कणीस घेऊन पाण्याकडे तोंड करून बसले आणि आम्ही दोघं त्या गाडीत दोनदा बसलो.