जिथे कोणी पाहुणा नसतो : ॲनिमे-चाहत्यांच्या मेळ्याचा इतिहास, टोकियोपासून नाशिकपर्यंत

१/
२१ डिसेंबर १९७५. टोकियोतील एका सभागृहात ३२ हौशी मंडळांनी टेबले मांडली. टेबलांवर स्वखर्चाने छापलेली चित्रकथांची पातळ पुस्तके होती. दिवसभरात सुमारे ७०० माणसे येऊन गेली आणि त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. या मेळ्याचे नाव ‘कॉमिक मार्केट’, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘कोमिकेट’. डिसेंबर २०१९ मध्ये याच मेळ्यात चार दिवसांत सुमारे ७,५०,००० लोकांची उपस्थिती नोंदली गेली.

२/
नाशिकचा एखादा तरुण पहाटे पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठतो आणि आयुष्यात प्रथमच अशा मेळ्यात शिरतो, तेव्हा त्याचा एक गोंधळ हमखास होतो. कलावंत कोण आणि प्रेक्षक कोण, हे त्याला ओळखता येत नाही. अनोळखी माणसे त्याने घातलेल्या वेशाकडे पाहून छायाचित्राची परवानगी मागतात. ज्याची चित्रे तो विकत घेतो, तो चित्रकार टेबलापलीकडेच बसलेला असतो. हा गोंधळ योगायोगाने झालेला नाही. या मेळ्यांची उभारणीच त्यावर झालेली आहे.

३/
कोमिकेटचा जन्म एका बंद दारापाशी झाला. १९७० च्या दशकात जपानमध्ये मांगा-चाहत्यांचे ‘निहोन मांगा ताइकाई’ नावाचे संमेलन भरत असे. त्याच्या कारभारावर टीका करणाऱ्या एका व्यक्तीला १९७५ साली सहभाग नाकारण्यात आला. त्याविरुद्ध ‘मेइक्यू’ (अर्थ : भूलभुलैया) या समीक्षक-मंडळाने आवाज उठवला. योशिहिरो योनेझावा हे या मंडळातील एक प्रमुख नाव. केवळ निषेध करून ही मंडळी थांबली नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचा मेळा भरवला.

४/
या मेळ्याने एक तत्त्व स्वीकारले : येथे कोणी ग्राहक नाही, कोणी पाहुणा नाही. विकणारा, घेणारा आणि खुर्च्या मांडणारा स्वयंसेवक, हे सगळे ‘सहभागी’. महाराष्ट्राला ही वृत्ती अपरिचित नाही. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांची चळवळ आठवावी. प्रस्थापित मासिकांनी दार उघडण्याची वाट न पाहता तरुण कवी-लेखकांनी सायक्लोस्टाईल यंत्रावर स्वतःचे अंक काढले. जपानी ‘दोजिन्शी’, म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेली पुस्तके, त्याच जिद्दीची. दोन्हींमध्ये थेट संबंध नाही, पण प्रेरणेचा स्वभाव एक आहे.

५/
वेश घालून संमेलनाला जाण्याची रीत मात्र जपानच्या आधीची. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथा-चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. सुमारे २०० माणसांच्या त्या मेळाव्यात फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण आणि मर्टल डग्लस ही तरुणी भविष्यकाळातील माणसांचे पोशाख घालून आली. ‘थिंग्ज टू कम’ या १९३६ च्या चित्रपटावरून सुचलेले ते पोशाख डग्लसने शिवले होते. ॲकरमनचे नाव गाजले आणि शिवणारी दीर्घकाळ पडद्याआड राहिली. याच संमेलनात सहा चाहत्यांना प्रवेश नाकारला गेला, हेही विसरता कामा नये. चाहत्यांच्या दुनियेलाही दारे असतात आणि दारांवर पहारेकरी असतात.

६/
‘कॉस्प्ले’ हा शब्द १९८४ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनातून परतलेल्या एका जपानी पत्रकाराने घडवला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अचूक नाही. नोबुयुकी ताकाहाशी यांनी हा शब्द त्याआधीच, १९८३ साली, ‘माय ॲनिमे’ या मासिकातील लेखात वापरला होता. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांना जपानी पद्धतीने तोडून जोडलेला हा शब्द. त्यावेळी ताकाहाशी यांच्यासमोर जपानी मेळ्यांतील वेशधारी तरुण होतेच. रूढी आधी आली आणि नाव मागून मिळाले.

७/
भारतात ॲनिमे आले ते नाव न सांगता. रडयार्ड किपलिंगच्या कथांवर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली मालिका नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हिंदीतून दूरदर्शनवर दिसू लागली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मोगलीवर जीव टाकणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना ही जपानी कलाकृती असल्याचे ठाऊक होते. पुढे २००० नंतरच्या दशकात कार्टून नेटवर्क, हंगामा, ॲनिमॅक्स या वाहिन्यांनी पोकेमॉन, ड्रॅगन बॉल झी, डोरेमॉन घरोघरी नेले. प्रेक्षक घडला, पण तो एकटा होता. समोर दूरचित्रवाणी संच होता आणि शेजारी आपल्या आवडीचा माणूस नव्हता.

८/
याच काळात नाशिकशी जिव्हाळ्याचे नाते असलेली एक ॲनिमे-कलाकृती अस्तित्वात होती. युगो साको हे जपानी चित्रपटकार १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले आणि रामकथेने भारावून गेले. त्यातून ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट १९९२ मध्ये तयार झाला. कोइची सासाकी आणि भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन हे सहदिग्दर्शक, संगीत वनराज भाटिया यांचे. धोतर कसे नेसतात, नमस्कार कसा करतात, अशा बारकाव्यांसाठी जपानी चित्रकारांना भारतीय कलावंतांचे मार्गदर्शन लाभले.

९/
या कथेतील वनवासाचा निर्णायक टप्पा म्हणजे पंचवटी. शूर्पणखेच्या नासिकाछेदावरून ‘नाशिक’ हे नाव पडले, अशी लोकश्रद्धा आहे. गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ही कथा जपानी कुंचल्याने रंगवली. पण काळ अनुकूल नव्हता. विदेशी माणसाने रामकथा चित्रित करावी का, यावर आधीच आक्षेप निघाले होते. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली आणि देश होरपळला. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, तरी चित्रपटगृहांत त्याला व्यापक प्रेक्षक मिळाला नाही.

१०/
तो जिवंत राहिला तो मुलांच्या आठवणीत. दूरचित्रवाणीवर पाहिलेली पिढी मोठी झाली आणि एकमेकांना त्याच्याविषयी सांगत राहिली. अखेर २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतभरातील चित्रपटगृहांत झळकला. तोवर युगो साको (निधन २०१२) आणि राम मोहन (निधन २०१९) दोघेही हयात नव्हते. वितरणव्यवस्थेला जे तीन दशके साधले नाही, त्याची वाट प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याने खुली ठेवली.

११/
असाच जिव्हाळा २०१९ मध्ये संघटित रूपात दिसला. माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित व्हावा, यासाठी चाहत्यांनी सार्वजनिक याचिका केली. हजारो सह्या जमल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चित्रपट भारतीय पडद्यावर आला आणि शिनकाई स्वतः भारतात येऊन चाहत्यांना भेटले. एकेकट्याने पाहणाऱ्यांचा समुदाय झाला होता.

१२/
या समुदायाला भेटीची जागाही मिळाली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे पहिले ‘कॉमिक कॉन इंडिया’ भरले. लवकरच हा उपक्रम मुंबईतही आला. मूळ कल्पना चित्रकथांची. मात्र काही वर्षांतच नारुतो, लुफी आणि गोकू यांचे वेश घातलेल्या तरुणांनी मांडव व्यापून टाकला. यावर वडीलधाऱ्यांचा ठरलेला आक्षेप असा, की ही परक्यांची नक्कल आहे. त्याचे उत्तर शोधायला टोकियोला जाण्याचे कारण नाही. नाशिक पुरेसे आहे.

१३/
त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा विदेशी चित्रपट पाहण्यास बसले तेव्हा केवळ एक प्रेक्षक होते. उठले ते कर्ते होऊन. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी पत्नी सरस्वतीबाई फिल्मवर प्रक्रिया करीत, मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, आणि उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामतीच्या वेशात उभे राहिले. त्याच वर्षी फाळके यांनी आपला उद्योग नाशिकला हलवला. काडेपेटीतील काड्यांना पडद्यावर चालवणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा भारतातील ॲनिमेशनच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. परदेशी कलेने भारावणे आणि घरच्या साधनांनी आपले काही निर्माण करणे, ही नाशिकची शंभर वर्षांहून जुनी ओळख आहे.

१४/
वेशाची परंपरा तर त्याहूनही जुनी. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात आणि लगतच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. रात्रभर संबळ-पिपाणीच्या तालावर देव, दानव आणि रामायण-महाभारतातील पात्रे मुखवटे लावून अवतरतात. अनेक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे वंशपरंपरेने चालते. कॉस्प्ले ही बोहाड्याची संतती आहे, असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. बोहाड्यात श्रद्धा आहे, नवस आहे, वारशाने आलेले कर्तव्य आहे. कॉस्प्लेत पात्राची निवड व्यक्तीची स्वतःची असते. साम्य एका ठिकाणी आहे : दोन्हींकडे सोंग घेणारा आणि सोंग पाहणारा एकाच गर्दीतून येतात, आणि सोंग उतरले की पुन्हा त्याच गर्दीत मिसळतात.

१५/
म्हणून आजचा खरा प्रश्न देशी-विदेशीचा नाही. मेळे मोठे झाले, तिकिटे लागली, कंपन्यांचे भव्य मंडप उभे राहिले. भारतातील कॉमिक कॉन आता गेमिंग क्षेत्रातील एका मोठ्या कंपनीच्या मालकीचे आहे. खर्च वाढतो तसा प्रायोजक लागतो, यात आश्चर्य नाही. पण १९७५ च्या त्या ३२ टेबलांनी ज्याला ‘सहभागी’ केले, तो हळूहळू पुन्हा ‘ग्राहक’ होण्याचा धोका येथेच आहे. छापील टी-शर्ट घेऊन बाहेर पडणे सोपे असते. फोम कापून, रंगवून, चार रात्री जागून केलेली वाकडीतिकडी तलवार मिरवणे कठीण असते.

१६/
पहिल्यांदा जाणाऱ्याला बहुधा त्या वाकड्या तलवारीचीच लाज वाटते. इतरांचे पोशाख सुबक, आपला ओबडधोबड, असे त्याच्या मनात येते. इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे. डग्लसने पोशाख हाताने शिवला, मेइक्यूच्या मंडळींनी मेळा पदरमोड करून भरवला, सरस्वतीबाईंनी फिल्म घरातच धुतली. या परंपरेत प्रवेशाचा खरा परवाना नेहमी स्वतःच्या हाताने केलेली वस्तू हाच राहिला आहे, आणि ती कधीही सुबक असण्याची अट नव्हती.